मुंबई, पुणे की सातारा? खान्देशातून पहिली मोठी शर्यत निवडताना

जळगाव, धुळे, नंदुरबारकडचा कुणी दहा किलोमीटर आरामात पळायला लागला, की त्याला पुढच्या शर्यतीसाठी साधारण तीन नावं सुचवली जातात : जानेवारीतली मुंबई, डिसेंबरातली पुणे आणि पावसाळ्यातली सातारा हिल. सुचवणारे पदक, टी-शर्ट, गर्दी आणि फोटो यांवर भरभरून बोलतात. शर्यत मात्र एका सकाळची असते आणि सराव चार महिन्यांचा, तोही आपल्याच गावात. त्या चार महिन्यांत आपल्याकडे हवा कशी असते, यावरून शर्यत ठरवावी असं माझं मत आहे.

आधी एक सांगून टाकतो. सातारा २१ किलोमीटरची आहे. मुंबई आणि पुण्यात २१ही आहे आणि पूर्ण ४२.१९५ही. त्यामुळे तिघींना एकाच मापाने मोजता येत नाही, पण निवडणाऱ्यापुढे त्या एकत्रच येतात, म्हणून एकत्रच बघू.

सराव कोणत्या ऋतूत पडतो

पूर्ण मॅरेथॉनसाठी सोळा आठवडे धरा. रविवारचं लांब पळणं वाढवत वाढवत तीस-बत्तीस किलोमीटरपर्यंत न्यायचं, ते शर्यतीच्या तीन आठवडे आधी संपवायचं आणि मग पळणं कमी करत पाय ताजे करायचे. या हिशोबात खरी कसोटी असते ती सव्वीस ते बत्तीस किलोमीटरच्या चार-पाच रविवारांची. ते रविवार कुठे पडतात ते बघा.

मुंबई जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. म्हणजे सराव सप्टेंबरअखेर सुरू आणि मोठे रविवार नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर. खान्देशात पळण्यासाठी याहून चांगले दिवस वर्षात नाहीत. पहाटे दहा-बारा अंश, हवा कोरडी, नऊ वाजेपर्यंत ऊन अंगाला लागत नाही. जळगावच्या मेहरूण तलावावर त्या दिवसांत कानटोपी घालून चालणारे आणि अर्ध्या चड्डीत पळणारे एकमेकांकडे दयेने बघत असतात.

पुणे साधारण डिसेंबरच्या पहिल्या रविवारी. सराव ऑगस्टच्या मध्यापासून आणि मोठे रविवार ऑक्टोबर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. इथेच गाडी अडते. आपल्याकडची ऑक्टोबर हीट कुणाला सांगायला नको. किलोमीटरला सात मिनिटं या वेगाने तीस किलोमीटरला साडेतीन तास लागतात. साडेचारला निघालात तरी संपवताना आठ वाजतात आणि शेवटचा तास उन्हात जातो. भरीला दिवाळी याच आठवड्यांत येते. पाहुणे, फराळ, रात्रीचं जागरण आणि वर अठ्ठावीस किलोमीटर, हे ज्याला जमतं त्याने माझा लेख वाचायची गरज नाही. मुंबईच्या सरावातही दिवाळी येते, पण सुरुवातीच्या आठवड्यांत. एखादा रविवार बुडाला तरी भरून काढता येतो.

सातारा ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला. तिचा पाया मे-जूनमध्ये घालावा लागतो आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो. पहाटे पाचलाही भिंती गरम असतात. पुढे पाऊस लागला की शेतरस्ते बंद, कारण काळी माती बुटाला अशी चिकटते की प्रत्येक पाय किलोभर जड होतो. मग डांबरी रस्ता आणि ट्रक. शिवाय नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात कानबाई, ही आपली खान्देशी देवी, बसते. त्या दिवशी रोटांचा प्रसाद सोडून पळायला जाणारा माणूस अजून मी पाहिलेला नाही.

घरी कपाशी असेल त्यांनी वेचणीचं गणितही आधीच मांडावं. मजूर मिळाले नाहीत की रविवारची सकाळ शेतात जाते, आणि हे पुणे-मुंबई दोन्हीच्या सरावात होतं.

शर्यतीच्या दिवशीची हवा

सरावात मुंबई पुढे असली तरी शर्यतीच्या दिवशी ती मागे पडते. आपण सराव करतो कोरड्या थंडीत. घाम येतो आणि लगेच उडून जातो, अंग थंड राहतं. मुंबईत जानेवारीतही दमटपणा असतो. घाम उडत नाही, नुसता गळतो. शरीर तापतं, नाडी वाढते, आणि घरी सहज वाटणारा वेग पंचवीस किलोमीटरनंतर जड जातो. नव्या हवेची सवय व्हायला शरीराला दहा-चौदा दिवस लागतात. शुक्रवारी रात्री गाडीत बसून शनिवारी पोहोचणाऱ्याला ती होत नाही. त्यावर दोन उपाय. शेवटच्या दोन आठवड्यांत हलकं पळणं पहाटेऐवजी दुपारी चारला, पूर्ण बाह्यांच्या टी-शर्टात करायचं. आणि शर्यतीत पहिले दहा किलोमीटर ठरवलेल्या वेगापेक्षा किलोमीटरला पंधरा-वीस सेकंद हळू जायचं.

पाण्याचा अंदाज घरीच घ्या. दीड तास पळण्याच्या आधी आणि नंतर, अंग पुसून वजन करा. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर घाम गेला. मध्ये पाणी प्यायला असाल तर तेही त्यात मिळवा. काळा टी-शर्ट वाळल्यावर छातीवर आणि पाठीवर पांढऱ्या रेघा उमटत असतील, तर तुमच्या घामात मीठ जास्त आहे. अशा माणसाने मुंबईत नुसतं पाणी ढोसत राहू नये, बरोबर मीठ-साखर किंवा ओआरएस हवंच. तहानेपेक्षा जास्त पाणी पिऊन रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते उन्हाइतकंच धोक्याचं असतं.

पुण्याची डिसेंबरातली पहाट मात्र आपल्यासारखीच, थंड आणि कोरडी. ज्यांना घामाने हमखास गोळे येतात, त्यांच्यासाठी हा मोठा मुद्दा आहे. साताऱ्यात धुकं आणि पाऊस असू शकतो. उकाड्याची काळजी नाही, पण ओल्या मोज्यांनी फोड येतात.

रस्ता

मुंबईचा मार्ग बराचसा सपाट. सीएसएमटीहून निघून मरीन ड्राइव्ह, हाजी अली, वरळी, मग सी लिंकवरून वांद्रे आणि माहीम-दादरकडून परत. फसवणारा एकच चढ, पेडर रोडचा, आणि तो परतीला, पस्तीस किलोमीटर ओलांडल्यावर. दुसऱ्या कुठल्या वेळी त्याला कुणी चढ म्हटलं नसतं. तिथे उपयोगी पडतात ते रस्त्याकडेचे लोक. संत्र्याच्या फोडी, बिस्किटं, मीठ घेऊन मुंबईकर सकाळभर उभे असतात. पुण्याची शर्यत १९८३पासूनची, मुंबईच्या २००४च्या मानाने बरीच जुनी, पण कडेला उभं राहून ओरडण्याच्या बाबतीत मुंबईला तोड नाही. एकटं पळायला आवडणाऱ्याला हाच पुण्याचा गुण वाटेल.

साताऱ्यात यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला जायचं आणि त्याच वाटेने उतरायचं. लोक चढाला घाबरतात. मांड्या मोडतो तो उतार. याचा सराव सपाट जळगावात होत नाही. विद्यापीठाच्या आवारातले चढउतार त्यातल्या त्यात बरे. धुळेकरांना लळिंगचा घाट आहे, शहाद्याकडच्यांना तोरणमाळची वाट. चाळीसगावकरांनी कन्नड घाटाच्या मोहात पडू नये, वाहनांमुळे ती पळण्याची जागा नाही. महामार्गालगत पळताना वाहनांकडे तोंड करून पळा, आणि कुणी मोटारसायकल थांबवून ‘भो, गाडी बंद पडनी का?’ विचारलं तर रागावू नका.

जाणं-येणं

मुंबईचा धावक्रमांक शर्यतीच्या दिवशी मिळत नाही, आधीच जाऊन घ्यावा लागतो. म्हणजे किमान एक मुक्काम आणि दक्षिण मुंबईतले हॉटेलचे दर. कल्याण-डोंबिवलीत प्रत्येक खान्देशी माणसाचं कुणी ना कुणी असतंच, पण पहाटे पाचच्या सुमारास सुटणाऱ्या शर्यतीसाठी मामाकडून निघायचं तर दोनला उठावं लागेल. दादर ते भायखळा पट्ट्यात साधी खोली मिळाली तरी घ्या. पुणे आणि सातारा दोन्हीला जळगाव, चाळीसगावहून महाराष्ट्र एक्स्प्रेस थेट जाते. नंदुरबारकरांना सुरतमार्गे मुंबईच सोयीची. जेवणाचं एकच सांगतो : डिसेंबर-जानेवारी हा भरीत पार्ट्यांचा मोसम आहे, शर्यतीआधीचे तीन दिवस भरीत आणि शेवभाजी दोन्हीला हात जोडा. वरणभात आणि केळी.

मग कोणती?

पहिली पूर्ण मॅरेथॉन असेल तर मुंबई. दमटपणाची तयारी करता येते. ऑक्टोबरच्या उन्हाचं काही करता येत नाही. पुणे त्यांच्यासाठी, जे पावसाळाभर आठवड्याला चाळीसेक किलोमीटर पळतच होते आणि ज्यांना गर्दी नको आहे. पुण्यात २१ पळायचं असेल तर माझी काहीच हरकत नाही, त्याला अठरा-एकोणीसच्या पुढे सराव लागत नाही.

सातारा पहिली अर्धमॅरेथॉन म्हणून नको. हिवाळ्यात जळगावच्या खान्देश रनसारखी घरची शर्यत पळा, मग पुढच्या पावसाळ्यात सातारा. तिथून परतल्यावर दोन-तीन आठवडे पाय मोकळे ठेवले की मुंबईचा सराव बरोबर वेळेवर सुरू होतो. सातारा आणि पुणे एकाच वर्षी घेऊ नका. मांड्या दुखत असतानाच पुण्याचे मोठे रविवार तोंडावर येतात.

मुंबईची नोंदणी काही महिने आधीच उघडते. ती झाली की त्याच आठवड्यात परतीच्या रविवार रात्रीच्या गाडीवर लक्ष ठेवा आणि आरक्षण उघडताच खालचा बर्थ मागा. बेचाळीस किलोमीटर पळून आल्यावर वरच्या बर्थची शिडी पेडर रोडपेक्षा अवघड जाते.