आठ महिने, एक चेनसॉ आणि पावसाळ्याची लाकडं

आमच्याकडे कुडाळच्या बाजूला मिरगाआधी लाकडं मांगरात (घराबाजूच्या शेडमध्ये) गेली नाहीत, तर पुढचे चार महिने चुलीपुढे डोळे चोळत बसावं लागतं. घरी आंघोळीचा बंब रोज पेटतो, वर्षाचा भात घरीच उकडतो आणि चतुर्थीला पंचवीस माणसांचं जेवण चुलीवर होतं. एवढी लाकडं कुऱ्हाडीने तोडायला आता गडी मिळत नाही. म्हणून दिवाळीनंतर स्वतःचा कटर घेतला (चेनसॉला आम्ही कटरच म्हणतो). आता जूनचा मध्य आहे, लाकडं आढ्यापर्यंत रचून झाली आहेत. घेऊ पाहणाऱ्यांनी मला जे विचारलं, ते इथे एकत्र लिहितो.

त्याआधी दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन एक स्वस्तातला कटर मागवला होता. 58 सीसी, 22 इंची बार (ज्या लांब पात्यावर चेन फिरते तो). आकडे बघूनच भुललो. पहिला महिना बरा गेला, मग गरम झाल्यावर सुरूच होईना. कार्ब्युरेटर खोलला तर आतला पडदा कडक होऊन बसलेला. तो पडदा ना कुडाळात मिळाला, ना सावंतवाडीत, ना कणकवलीत. विकणाऱ्याने फोन उचलायचं सोडून दिलं. अर्धी लाकडं परड्यात उघड्यावर होती आणि पाऊस आला. आईने तो अख्खा पावसाळा ओल्या लाकडांवर काढला. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून यावेळी आधी मेकॅनिक शोधला, मग मशीन. माझ्या मते निवडीची सुरुवात इथूनच करावी. आपल्या तालुक्यात कुठल्या मशीनची चेन, फिल्टर आणि स्टार्टरची दोरी त्याच दिवशी मिळते, ते दुकानात उभं राहून विचारावं. माझ्या बाबतीत उत्तर स्टिल (Stihl) या कंपनीचा एमएस 250 असं आलं. 45.4 सीसी, बार-चेन सोडून वजन 4.6 किलो. तुमच्याकडे दुसऱ्या कंपनीचं चांगलं दुकान असेल तर तिचा याच ताकदीचा कटर घ्या, माझी काही हरकत नाही.

बार मी 16 इंची घेतला, मोठा मुद्दाम टाळला. जळणाचं लाकूड बहुतेक आठ ते बारा इंच जाडीचं असतं. वादळात पडलेल्या आंब्याचा बुंधा दोन फुटांच्या वर होता, तोही दोन्ही बाजूंनी कापून निघाला. लांब बार लावला की इंजिनावर ओढ येते, कानस मारायला दात वाढतात आणि टोक कुठे लागतंय ते दिसत नाही. घराजवळच्याच कामाला विजेवरचा कटर पुरतो, पण आमच्या वाडीत संध्याकाळी व्होल्टेज पडतं आणि लाकडं पऱ्ह्याच्या (ओढ्याच्या) पलीकडे असतात.

पण आठ महिन्यांत मला कळलेली खरी गोष्ट मशीनची नाहीच, धारेची आहे. जानेवारीत अकेशिया कापताना बघितलं, भुसा पिठासारखा बारीक पडतोय आणि मी अंगाचा सगळा भार टाकतोय. चेन बोथट झाली होती. धार असेल तर कटर आपल्या वजनानेच खाली उतरतो आणि भुशाऐवजी जाड चुरा उडतो. आता दोनदा टाकी भरली की थांबतो. माझ्या चेनला 4.8 मिलिमीटरची गोल कानस लागते. बार ओंडक्यातल्या खाचेत घट्ट बसवायचा, कानस 30 अंशात धरायची, आतून बाहेर ढकलायची, ओढायची नाही. प्रत्येक दाताला तीनच हात. आधी डावे सगळे, मग उजवे. जोसेफ कॉक्स या अमेरिकन लाकूडतोड्याने लाकूड पोखरणारी अळी डावी-उजवीकडे कशी कुरतडते ते बघून ही चेन बनवली आणि 1947 मध्ये विकायला काढली. त्या डाव्या-उजव्याचा तोल गेला की काप वाकडा जातो आणि बार लाकडात आवळतो. हे मी एक अख्खी चेन वाया घालवून शिकलो.

चेन बदलताना बारवर कोरलेले आकडे जुळवून घ्या. नुसतं '16 इंची द्या' म्हणून चालत नाही.

मार्चमधला एक प्रसंग सांगायलाच हवा. दादा फणसाची फांदी कापत होता, मागे दुसरा ओंडका होता. बारच्या टोकाचा वरचा भाग त्याला लागला आणि कटर डोळ्याचं पातं लवायच्या आत कपाळाकडे उसळला. हँडलच्या पुढची कडी मनगटाला लागून चेनचा ब्रेक पडला, 'खट्' आवाज झाला आणि चेन थांबली. दोघेही बराच वेळ खाली बसून होतो. ब्रेक नसलेला किंवा सैल झालेला कटर फुकट मिळाला तरी घेऊ नका. जाळीचं हेल्मेट, कानात बोळे आणि जाड बूट याशिवाय आता घरात कुणीही दोरी ओढत नाही.

पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल लिटरला 20 मिली, म्हणजे 50 ला 1. हे प्रमाण कंपनीच्या ऑइलचं आहे. चेनच्या ऑइलची टाकी प्रत्येक वेळी पेट्रोलबरोबरच भरायची, ती कोरडी राहिली तर बार निळा पडतो. आणि आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ यांचं उभं झाड तोडायचं तर आधी वनखात्याची परवानगी काढा, 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत ती आहेत.

पहिला पाऊस पडला त्या संध्याकाळी टाकी रिकामी केली आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवलं, कारण हल्लीचं इथेनॉलवालं पेट्रोल ओल धरतं आणि कार्ब्युरेटर खातं. चेन ऑइलच्या डब्यात बुडवून ठेवली आहे. फिल्टर ब्रशने साफ करून परत बसवला. कटर माळ्यावर, चुलीच्या वरच्या उबेत गुंडाळून ठेवला आहे, चतुर्थीच्या आधी एकदा काढेन.