धुराड्याच्या नावाखाली 35,300 रुपये घालवून बसलोय

लिहू का नको करत पंधरा दिवस गेले. बायको म्हणाली, "अहो लिहा की, लाजायचं काय राहिलंय आता." म्हणून लिहितोय.

बेळगाव-खानापूर पट्ट्यातल्या जुन्या कौलारू घरांत न्हाणीत चुलाणं असतंय, त्याच्यावर तांब्याचा हंडा, आणि विटांचं धुराडं कौलातनं वर गेलेलं. आमचं आजोबांच्या वेळचं, चुन्यात बांधलेलं. मे संपत आलेला, दोन वळीव पडून गेलेले, धुराड्याच्या बुडाशी भिंतीला ओल, आणि नेमके त्याच आठवड्यात "चिमणी रिपेरी करतो" म्हणत दोघं दारात. हे कसं चालतंय तुम्हाला माहीतच हाय, आधी फुकट चेकिंग, मग घाबरवणं, मग ॲडव्हान्स. मला पण माहीत होतं. तरी फसलोच.

एकजण वर चढला, पाच मिनिटात खाली, मोबाईल पुढं केला. फोटोत हात जाईल एवढी भेग. "मामा, मिरगाचा पाऊस काढत नाही हे, खाली कोणतरी मरंल."

हितंच कळायला पाहिजे होतं! फोटोत मागं नारळाचं झाड होतं. आमच्या परड्यात नारळ नाही. फणस हाय, शेवगा हाय, शेजाऱ्यांच्यात पण नारळ नाही. मी बघितला तो नारळ, या डोळ्यांनी बघितला, आणि मनात काय आलं तर, लांबचं झाड असंल झूम केलेलं. 28 वर्षं ऑफिसात दुसऱ्यांची बिलं तपासली मी! पण माझे गुडघे शिडी चढायचे नाहीत, पोरगा पुण्यात, आणि पावसाच्या तोंडावर ओळखीचे गवंडी सगळे स्लॅबच्या कामावर, तुम्ही काय केलं असतं सांगा.

15,000 फोनवरनं पाठवले, 12,000 मटेरियलला रोख, 6,500 कसल्या "फॉरेन वॉटरप्रूफ केमिकल"चे आणि 1,800 परांचीचे. परांची कसली, एक शिडी होती. बिल कॅलेंडरच्या पानामागं लिहून दिलं, त्याच्यावर ना नाव ना सही. (सही असलेलं बिल घ्याच, आणि फोटो काढायला तुमचा मोबाईल द्या, त्यांचा नको.)

काम दीड दिवसात खलास. पहिल्यांदा जाळ घातला तर धूर सगळा न्हाणीत. शेवटी आमच्या जुन्या गवंडीमामांना हातापाया पडून आणलं, त्यांनी आतनं दोन घमेली राबिट, म्हणजे मोडतोडीचा कचरा, काढलं, त्या दोघांनी वरनं तसंच आत टाकलेलं. बंद न्हाणीत आंघोळ करताना असला धूर कोंडला तर माणूस जातोय, आणि त्यातला जो विषारी वायू असतोय त्याला वास पण नसतोय, तेव्हा धूर मागं आला की पहिलं जाळ विझवा, दार उघडा.

मामांनी खिळ्यानं दर्जा, म्हणजे विटांमधल्या फटी, खरवडून दाखवल्या. वर चार दोरे, म्हणजे अर्धा इंच, सिमेंट, आत जुना भुगा तसाच. जुना चुना इंचभर तरी खोल काढून परत चुन्याचाच माल भरायचा असतो म्हणे, कारण चुन्यातनं ओल बाहेर जाते, घट्ट सिमेंट मारलं की ती विटेत अडकते आणि वीट सुटायला लागते. आणि ओल मुळात दर्जांतनं नव्हतीच, कौल आणि धुराड्याच्या सांध्यातला पत्रा गंजलेला. त्याला कोण हात पण लावला नव्हता. आता सिमेंटचे पोपडे पडतायत, विटेचा पापुद्रा घेऊनच.

ठाण्यात गेलो. पहिल्या दिवशी साहेब नाहीत. दुसऱ्या दिवशी अर्ज कन्नडात आणा. 150 देऊन टाईप करून नेला, तर तिसऱ्या दिवशी, "काम केलंय की त्यानं, कोर्टात जावा." बँकेत गेलो, "पिन तुम्हीच घातलाय." पंचायतीत तर हसलेच, म्हणे विटांचं धुराडं अजून कोण ठेवतंय! म्हणजे चूक माझी, धुराडं ठेवल्याची! एका वकील पोरानं सांगितलं ग्राहक आयोगात जावा, 5 लाखांपर्यंत फी नाही, 2 वर्षांच्या आत तक्रार करायची, ऑनलाइन पण होते. फॉर्म उघडला. समोरच्याचं नाव आणि पत्ता. काय लिहू, शिडीचा पत्ता?

नंबर तर कधीचा बंद.

परवा पलीकडच्या गल्लीत तीच ॲल्युमिनियमची शिडी दिसली, खालच्या पायरीला निळी दोरी गुंडाळलेली. मी चप्पल घालून पोचेपर्यंत गेले. निळी दोरी, लक्षात ठेवा.