एस्प्रेसोचा टायमर कधी चालू करायचा: बटण दाबल्यावर की पहिला थेंब पडल्यावर?

मी घरी दोन्ही करून बघितलंय आणि माझं मत स्पष्ट आहे, टायमर पंपाचं बटण दाबलं की लगेच चालू करायचा. कारण पाणी कॉफीला लागतं तेव्हापासूनच अर्क उतरायला लागतो, थेंब दिसायच्या आधीचे ५-८ सेकंद पावडर भिजत असते आणि ते सेकंद मोजलेच नाहीत तर अर्धी गोष्ट हातातून सुटते. दळण जास्त बारीक झालं की पहिला थेंब १२ सेकंदांनी येतो, जाड असलं की ३-४ सेकंदातच धार सुरू, हे बटणापासून मोजलं तरच कळतं ना!

पहिल्या थेंबापासून मोजण्यात एक फायदा मात्र खरा आहे. ज्या मशीनमध्ये प्री-इन्फ्युजन लांब असतं, म्हणजे आधी कमी प्रेशरने पावडर भिजवतात, तिथे एकूण वेळ ४० सेकंदांवर गेला तरी शॉट, म्हणजे एका वेळेला काढलेली एस्प्रेसो, छान असू शकतो आणि बटणापासूनचा आकडा बघून माणूस उगाच घाबरतो.

पण गोंधळ होतो तो रेसिपी वाचताना. १८ ग्रॅम पावडर, कपात उतरलेली ३६ ग्रॅम कॉफी, २५ ते ३० सेकंद असं लिहिलेलं असतं, ते बहुतेक वेळा बटणापासूनचं असतं, आणि आपण थेंबापासून मोजलं की शॉट ७-८ सेकंद लांबतो आणि कडवट लागतो. आणि हो, कपाखाली वजनकाटा हवाच, नुसत्या सेकंदांवरून काही कळत नाही.