फिटोनिया: रोप छान, माती मात्र बदला

डोंबिवलीत आमच्या घराजवळच्या नर्सरीतून जूनमध्ये फिटोनियाचं रोप आणलं, १२० रुपयांना. हिरव्या पानांवर गुलाबी शिरांची जाळी, उंची जेमतेम चार बोटं. रोप निरोगी होतं, पण पिशवीतली लाल माती फार चिकट. पाणी साचून खालची पानं कुजू लागली. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), गांडूळखत आणि थोडी जाड वाळू घालून कुंडी बदलली, तेव्हा कुठे नवे कोंब फुटले. मूळचं हे पेरू देशाकडच्या वर्षावनातलं, आणि आपल्या अबोली-अडुळशाच्या कुळातलं! थेट ऊन सोसत नाही. तहानलं की सगळं अंग टाकून देतं; पाणी दिलं की काही तासांत उभं. नर्सरीतल्या काकांनी हे आधीच सांगितलं होतं, म्हणून घाबरले नाही. कुंड्या मात्र तिथे महाग आहेत.