वर्तनशास्त्र आधी जाहिरातीत वापरावे की पाकिटात?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात खाद्यपदार्थांचा लहान उद्योग चालवणाऱ्याला ग्राहकाच्या वागण्याचा अभ्यास, म्हणजे वर्तनशास्त्र, पटला, तरी मोजका पैसा जाहिरातीवर लावावा की मालाच्या घडणीवर, म्हणजे पाकिटाच्या आकारावर आणि त्यावरील मजकुरावर, हा प्रश्न उरतोच. नाचणीच्या पिठासाठी आम्ही दोन्ही मार्ग वापरले आहेत.

जाहिरातीचा परिणाम लवकर दिसतो. सवलतीचा संदेश व्हॉट्सॲपवर गेला की संध्याकाळपर्यंत मागणी येते. नवा माल लोकांच्या हाती प्रथम पडावा यासाठी याहून सोपे साधन मला तरी माहीत नाही.

मात्र सवलत संपल्यावर जे घडते, त्याने माझा कल ठरला. बेळगावच्या खडेबाजारात नेहमीचे ग्राहक पाकीट उचलत, किंमत पाहत आणि "ऑफर लागली की सांगा, तेव्हा नेतो" असे म्हणून ते जागेवर ठेवत. माणूस लाभ-हानी एका संदर्भबिंदूपासून, म्हणजे मनात आधीच धरलेल्या पातळीपासून, मोजतो आणि हानी त्याला तेवढ्याच लाभापेक्षा अधिक बोचते, असे डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडले होते. सवलतीने तो बिंदूच खाली सरकतो आणि मूळ किंमत भाववाढ वाटू लागते. "आज शेवटचा दिवस" अशी खोटी घाई तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांतील १३ फसव्या पद्धतींपैकी एक आहे. तिच्या वाटेला जाऊच नये.

घडणीच्या बाजूने पाहता आमची खरी अडचण विक्रीनंतरची होती. आपल्याकडच्या पावसाळ्यात मोठे पाकीट एकदा फोडले की पीठ दमट होते, त्याला जाळी धरते आणि ते टाकून देणारी गृहिणी पुन्हा नाचणीकडे वळत नाही. म्हणून पाकीट लहान केले आणि वाटीभर आंबिलीला किती चमचे पीठ लागते, एवढेच मराठी व कन्नडमध्ये ठळक छापले. किलोमागे खर्च वाढला, छपाईला वेळ लागला. पण सवलतीविना फेरमागणी येऊ लागली. याचे काटेकोर मोजमाप मी ठेवलेले नाही, दुकानदारांच्या बोलण्यावरून सांगतो आहे.

दिवाळीच्या फराळासारखा हंगामी माल असेल, तर जाहिरातच कदाचित अधिक सोयीची ठरेल. रोज लागणाऱ्या वस्तूसाठी मी पहिला खर्च पाकिटावर करीन, आणि काही द्यायचेच झाले तर किंमत न उतरवता सोबत दुसऱ्या पिठाचा लहान नमुना देईन.