युनोची शांतीसेना: माणसं एक नंबर, सर्व्हिस लेट (5 पैकी अडीच स्टार)

आधीच सांगतो, अडीच स्टार सैनिकांना नाहीत, युनोच्या सिस्टीमला आहेत. युनोला स्वतःची फौज नाही, दरवेळी देशांकडून सैनिक मागून घ्यावे लागतात, तर तिला स्वतःची फौज हवी का, हा इथला प्रश्न. आमच्या देवगड तालुक्यात घरटी नाही तरी वाडीटी एक फौजी सापडतोच, आणि त्यातले काही शांतीसेनेची निळी टोपी घालून आफ्रिकेत जाऊन आलेत, त्यामुळे हा विषय चहाच्या टपरीवर निघतोच निघतो.

मेन तक्रार डिलिव्हरीची. 1994 चं आफ्रिकेतलं रवांडा बघा. एप्रिलमध्ये कत्तल सुरू झाली आणि युनोच्या सुरक्षा परिषदेने काय केलं, तर तिथे होती ती फौज घटवून 270 वर आणायचा ठराव केला!! मग मे मध्ये उपरती, 5500 सैनिक मंजूर. मंजूर झाले म्हणजे पोचले असं नाही हां, दोन महिने उलटले तरी जेमतेम पाचशे. तोवर लाखो माणसं गेलेली. 1 ऑगस्टला मासेमारी उघडते आणि बाहेरचे खलाशी आले नाहीत म्हणून ट्रॉलर बंदरातच डुलत राहतो ना, तसंच हे, बोट युनोची पण खलाशी कुणाचेच नाहीत.

खरं तर युनोच्या सनदेत कलम 43 आहे, देशांनी करार करून आपलं सैन्य परिषदेच्या दिमतीला ठेवायचं म्हणून. 1945 पासून आजपर्यंत असा एकही करार झालेला नाही. 1993 ला ब्रायन अर्कहार्ट या युनोच्याच जुन्या अधिकाऱ्याने 5000 च्या आसपास स्वयंसेवकांची स्वतःची फौज ठेवा म्हणून सुचवलं, तेही कागदावरच.

आमच्या वाडीतले एक रिटायर्ड हवालदार काका काँगोत होते, ते म्हणतात, "हुकूम एकाचो, पगार दुसऱ्याचो, नि मधी आम्ही." बरोबरच आहे, युनो एका सैनिकामागे महिना साधारण 1400 डॉलर देते पण ते सरकारला, आणि देशांनी वर्गणी थकवली की तेही उशिरा.

कस्टमर केअर तर विचारूच नका. हैतीत 2010 ला शांतीसैनिकांच्या कॅम्पमधून कॉलरा पसरला, हजारो मेले, माफी आली 2016 ला, आणि भरपाईसाठी अमेरिकेत कोर्टात गेले त्यांना इम्युनिटी (म्हणजे युनोवर खटला चालवता येत नाही ही सूट) दाखवून परत पाठवलं. आणि सैनिकाने गुन्हा केला तर केस चालवायची त्याच्या देशाने, म्हणजे चालली तर चालली. स्वतःची फौज असती तर निदान हात झटकता आले नसते.

मग स्वतःची फौज हवी का? माझं मत हो, पण छोटी, पाच-सात हजारांची, पहिले काही महिने धरून ठेवणारी, मागून बाकीचे देश येईपर्यंत. व्हेटो म्हणजे नकाराधिकार आहे तसाच राहणार, परिषदेच्या पाच कायम सदस्य देशांपैकी एकाने नाही म्हटलं की ही फौजपण बराकीतच बसणार, त्यावर उपाय माझ्याकडे नाही. पण ठराव झाल्यावरही माणसं शोधत फिरायचं, हे तरी थांबेल.

भरती काढलीच तर एक सेंटर आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला ठेवा, पगार डॉलरमध्ये म्हटल्यावर पहाटे चारपासून लाईन लागेल.