ला क्रेसेंट लावावी की इटास्का?

थंडीचा प्रश्न आधी बाजूला ठेवू. दोन्ही वाइनच्या द्राक्षांच्या जाती, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या, आणि उणे 30 अंश सेल्सिअसच्या आसपासची थंडी दोन्ही काढतात. त्यामुळे निवड करायची ती आंबटपणावर.

ला क्रेसेंट 2002 साली आली. तिचा एक पालक रिपारिया ही रानवेल आणि मस्कत हँबर्ग हे सुगंधी द्राक्ष यांच्या संकरातून झालेला. वास मस्कतचा, काटकपणा रानवेलीचा, आणि आंबटपणाही रानवेलीचाच! ग्लास नाकाशी नेला की जर्दाळू आणि लिंबाच्या सालीचा घमघमाट येतो. पहिला घोट घेतला की जबडा आवळतो. रसात साखर भरपूर (24-25 ब्रिक्स सहज; ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप), पण आम्लही लिटरला 10 ते 13 ग्रॅम, त्यात हिरव्या सफरचंदाची आठवण देणारं मॅलिक आम्ल मोठ्या प्रमाणात. बॅक्टेरिया वापरून ते उतरवता येतं, पण लोण्यासारखा वास चढून जर्दाळू दबतो. म्हणून बहुतेकजण वाइनमध्ये थोडी गोडी राखतात.

मग घड वेलीवरच आणखी आठवडाभर ठेवले तर? आम्ल उतरतं खरं, पण पिकलेला घड हातात धरून जरा हलवा, मणी टपटप खाली पडतात. तोडणीला उशीर म्हणजे मातीत गेलेलं पीक. शिवाय पानांवर डाऊनी हा बुरशीचा रोग लवकर येतो, फवारणीत हयगय चालत नाही.

इटास्का 2017 ची, फ्रॉन्टेनॅक ग्री आणि विद्यापीठाचाच MN 1234 हा वाण यांचं अपत्य. साखर जवळपास तितकीच, आम्ल मात्र बरंच कमी. त्यामुळे पूर्ण कोरडी वाइन केली तरी तोंड वाकडं होत नाही. भुरी, डाऊनी आणि फायलोक्सेरा ही कीड यांचाही त्रास कमी. उणं काय? वास. नाशपाती, खरबूज, किंचित मध, सगळं हळू आवाजात. ला क्रेसेंटशेजारी ग्लास ठेवलात तर ती बुजरी वाटते.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदाच वेली लावणाऱ्याने इटास्का घ्यावी. आंबटपणाशी झटापट करायची हौस असेल, किंवा गोडसर, सुगंधी वाइनच करायची असेल, तर ला क्रेसेंटला तोड नाही. दोन ओळी ला क्रेसेंटच्या लावून इटास्कात थोडी मिसळण्याचा मार्गही आहेच. बाटली विकत घेणाऱ्याने एवढंच पाहावं: ला क्रेसेंटवर ‘ड्राय’ लिहिलं असेल, तर आंबट आवडतं का हे आधी स्वतःला विचारावं.

आइसवाइनचा, म्हणजे वेलीवरच गोठलेल्या द्राक्षांच्या गोड वाइनचा, बेत असेल तर दोन्ही सोडा. ते काम विदाल ब्लाँ या जातीचं: जाड साल, उशिरा पिकणं, थंडीपर्यंत वेलीला धरून राहणारे घड. कॅनडात ऑन्टॅरिओमध्ये तापमान उणे 8 किंवा त्याखाली गेल्यावर ते गोठलेलेच तोडतात. पण मिनेसोटाचा हिवाळा विदालला झेपत नाही.